पर्समधली शिट्टी

महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. पर्समधून तिनं रुमालात गुंडाळलेली कुकरची शिट्टी काढली, नीट बघितली आणि दागिना ठेवावा तशी परत ठेवली. मी बघतच राहिलो.

"ह्यांना शुगर हाय," तिनं आपणहून सांगितलं. "डॉक्टरांनी रात्रीचा भात बंद केलाय. मी चार दिवस माहेरी चाललेय. सुकटीचं कालवण, कोबी, कोंबडीचा रस्सा, सगळे डबे फ्रीजमध्ये भरून ठेवलेत. नुसतं गरम करून खायचं. पण भाताबिगर ह्यांना जेवल्यासारखं वाटत नाय. टोपात भात करायला येत नाय, म्हणून शिट्टीच घेऊन आले."

नवऱ्याची काळजी अशी पर्समध्ये मावते, हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन आला. डबा गरम करून जेवलो, म्हणाला. तिचा चेहरा खुलला. मग एकदम कपाळाला आठी पडली.

"मागं शिट्टी कुणाची वाजली?"

"शेजारच्या वैनींची," पलीकडून बारीक आवाज आला.

तिनं फोन कापला आणि लगेच दुसरा लावला.

"वैनी, कुकर उघडू नको गो! आधी ह्यांना घरी पाठव!"