घासून गेलेला आकडा

माणूस प्रेमाने काय घोळ घालील, सांगता येत नाही. या इस्पितळाच्या विजेच्या सुपरवायझरचंच बघा ना. तळघरातल्या जुन्या सर्किट ब्रेकरवर त्याचा इतका जीव, की बावीस वर्षं दर शनिवारी त्याने त्याची पितळी पाटी पावडर लावून घासली. पाटी अशी चकचकली, की तिच्यात बघून दाढी करावी. फक्त तिच्यावरचे आकडे तेवढे गेले. आता बोला!

नडलं ते नवा, मोठा ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा. कुठे शॉर्टसर्किट झालं, तर त्यातून त्रेचाळीस हजार अँपिअरपर्यंत करंट येणार. तो तोडायचं काम ब्रेकरचं. नाही तोडता आला, तर ब्रेकर फुटणार आणि समोर असेल त्याला भाजून काढणार. समोर बहुतेक सुपरवायझरच असायचा, आणि डोक्यावर ऑपरेशन थिएटर. ब्रेकर किती तोडतो तो आकडा पाटीवरून गेलेला, आणि तो बनवणारी कंपनी तर केव्हाच बंद पडलेली.

"फॉर्मवर पन्नास हजार लिहा हो," कंत्राटदार म्हणाला. "एवढं धूड आहे, तोडेल की! सोमवारी उद्घाटन आहे."

"मग सोमवारी तुम्ही उभे राहा त्याच्यासमोर," सुपरवायझर म्हणाला.

शेवटी कोणीतरी आक्कांचा पत्ता दिला. आक्का त्याच कंपनीच्या टेस्टिंगच्या खोलीत चौतीस वर्षं होत्या. कंपनी बंद झाली तेव्हा लोकांनी पंखे नेले, टेबलं नेली. या बाईने हातगाडीवर घालून एक्केचाळीस रजिस्टरं घरी आणली. कंपनीतून बाहेर पडलेला एकेक ब्रेकर, त्याचा नंबर, तो रोज किती करंट वाहतो आणि अंगावर आलंच तर किती तोडतो, सगळं त्यांच्या अक्षरात. जावई कुरकुरायचा, "सासूबाई, पलंग रद्दीवर उभा आहे!" त्या म्हणायच्या, "झोप लागते ना? मग झालं."

"पाटी घासली कोणी?" सगळं ऐकून आक्कांनी विचारलं.

"मीच," सुपरवायझरने मान खाली घातली.

आक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "एवढा जीव बायकोला तरी लावलास का रे? चल. पितळेच्या भरवशावर आम्ही कधी नव्हतोच."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई कठड्याला धरून तळघरात उतरली. ब्रेकर बंद करून रुळांवरून बाहेर ओढला होता. आक्कांनी फरशीवर बैठक मारली, लोखंडी चौकटीखाली हात घातला आणि डोळे मिटून चाचपू लागल्या.

"सात... शून्य... चार... पुढे दोनदा नऊ."

पंचाने, म्हणजे आकड्यांच्या पोलादी ठशाने, लोखंडात ठोकलेला नंबर! बावीस वर्षं त्याच्या गुडघ्याशी होता आणि त्याला पत्ता नव्हता.

एकोणिसाव्या रजिस्टरात नोंद निघाली. वाहतो आठशे, तोडतो पस्तीस हजार. खाली आक्कांची सही.

"याच्या जातीचा पस्तीसला तोडताना मी पाहिलाय," आक्का ब्रेकरवर हात फिरवत म्हणाल्या. "भिंत हलली, तो नाही हलला. पण त्रेचाळीस नाही रे झेपायचे याला. सुटी दे आता."

सुपरवायझरला भरून आलं. पण त्याने वर जाऊन इस्पितळाच्या साहेबांना तोंडावर सांगितलं, "नवा ब्रेकर बसेपर्यंत ट्रान्सफॉर्मर चालू होणार नाही." कंत्राटदाराने खूप आदळआपट केली. उद्घाटन दोन महिने लांबलं.

उद्घाटनानंतर चौथ्या महिन्यात, एका सकाळी केबल फुटली. सुपरवायझर नव्या ब्रेकरसमोर रीडिंग घेत उभा. धाड्! दिवे गेले, जनरेटर लागला, वर ऑपरेशन चालू राहिलं. ब्रेकरच्या पडद्यावर आकडा होता एकोणचाळीस हजार. सुपरवायझरने तो दोनदा वाचला आणि वहीत उतरवला.

संध्याकाळी तो आक्कांकडे गेला. डोळे पुसत पाया पडायला वाकला. आक्कांनी त्याला मधेच थांबवलं आणि जावयाला हाक मारली, "अहो, ते कोरं रजिस्टर काढा बघू." मग याच्याकडे वळल्या, "रडतोस काय? नव्याचा नंबर सांग आधी. आणि किती तोडले ते."

त्याने घडाघडा सांगितला. ब्रेकर बसवण्याआधी त्याने तो नंबर स्वतःच्या हाताने, चौकटीखाली, पंचाने ठोकून ठेवला होता.