अकरा मूर्तींची नजर

सातवीत शाळा सुटली आणि मी लातूरकडून पेणला गणपतीच्या कारखान्यात आलो. तीन वर्षं मूर्ती घासल्यावर मालकीणबाईंनी, आम्ही त्यांना काकी म्हणतो, डोळे आखायचा ब्रश माझ्या हातात दिला. तो कधी काढून घेतील याची मला रोज धास्ती असायची.

त्या वर्षी काकी रोज बघायच्या त्या मालिकेतल्या नटाचा पहिला पॉप-रॉक अल्बम आला. मालिकेत तो मेल्यावरही घरात वावरणारा नवरा होता. गाण्यांतला आवाज मात्र वेगळाच, त्याच्या तोंडून दुसरंच कुणी गातंय असा. आखणीच्या वेळी आमच्याकडे गाणी लावत नाहीत. मी इअरफोन कानात घातले आणि मोबाइल रंगाच्या वाटीला टेकवला. अल्बमच्या फोटोत तो माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे बघत होता.

मूर्तीची नजर समोर बसणाऱ्यावर पडावी लागते. दुपारी काकी मी आखलेल्या अकराही मूर्तींसमोर एकेक करून बसून उठल्या.

“एकपण माझ्याकडं बघत नाय रे. माझ्या मागं कोण हाय?”

मागे उघडं दार होतं. मी मोबाइल पुढे करून चूक सांगितली, फोटोतलीच नजर मूर्तींत उतरली होती. आता परत घासकाम, असं धरूनच चाललो होतो.

“त्याला लय बघितलंस. आता मला बघ,” म्हणत त्यांनी मूर्तींच्या डोळ्यांवर पांढरा रंग फिरवला आणि ब्रश माझ्याच हातात दिला. त्या एकेका मूर्तीसमोर बसत गेल्या, मी बाजूने आखत गेलो. सातव्या मूर्तीला त्यांनी मान वळवली आणि दाराकडे बघतच राहिल्या.

“काकी, इकडं,” मी म्हणालो. दारात कोण आहे ते बघायला मी स्वतः वळलो नाही.