डब्यातलं रान

विकत मिळणारी कुठलीही वस्तू बैलासारखी पारखून घ्यावी असं मानणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात आता एकच उरला असेल, आणि तो मोशीत माझा घरमालक होता. मिक्सर घेताना काका त्याची पाठ थोपटत. फ्रीज घेताना आत वाकून वास घेत. मी लातूरकडच्या एका लहान गावातून शिकून आलेला, घरातला पहिला पदवीधर. चाकणच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची नोकरी नुकती लागली होती. त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेलो, तेव्हा पगार, लग्न, खाणंपिणं यातलं काहीएक न विचारता त्यांनी एकच प्रश्न टाकला, "घरी बैल कंचे व्हते?" मी म्हणालो, "देवणी." "मंग या ऱ्हायला," काका म्हणाले, "देवणीवाल्याचं बिऱ्हाड नीट आसतं." ती देवणी जोड माझ्या कॉलेजपायी विकली गेली, हे मी त्यांना पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी जरा जपून बोलू लागले. फार मोठं भांडवल गुंतवलेल्या वस्तूशी बोलावं तसं.

त्यांचे स्वतःचे बैल कधीच गेले होते आणि रानही गेलं होतं. आता तिथे सोसायट्या आहेत, मंगल कार्यालय आहे, कारचं शोरूम आहे. पण रान देण्याआधी काकांनी एक काम केलं होतं. गावातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला बोलावून अख्खं रान शूट करून घेतलं होतं. त्यांचे वडील काठी टेकत बांधाबांधाने पुढे चालताहेत आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून त्याचं नाव सांगताहेत, असा तो व्हिडिओ. व्हिडिओवाला बिचारा सवयीचा गुलाम. त्याने कांद्याच्या वाफ्यांवरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या, विहिरीभोवती बदामाचा आकार काढला होता, आणि वडील खोकले तिथे सनई टाकली होती. काकांना त्यात काही खटकत नसे. "आमच्या रानाचं लगीनच लागलं की ओ तवा, बिल्डरसंगं," ते म्हणत. वडील पुढच्याच वर्षी गेले, त्यामुळे हा व्हिडिओ म्हणजे काकांचा जीव होता. त्याच्या सीडीला बुरशी आली. मग पेन ड्राइव्ह केला, तो पायजम्याच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आला. मग हार्ड डिस्क घेतली, ती मांजराने शोकेसवरून ढकलली. तिच्यातून व्हिडिओ कसाबसा निघाला, तेव्हा काका माझ्या खोलीत आले. "इंजिनेर, ह्याला कायमचं दावं बांधायचं. सांगा उपाय."

मी आधी क्लाउड सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे क्लाउड कुनाच्या जागंत हाय?" मी म्हणालो, कंपनीच्या, परदेशात कुठेतरी. "सातबारा कुनाच्या नावावर?" यावर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला काही शिकवलेलं नव्हतं. तेव्हा घरातच ठेवायचा डबा घ्यायचं ठरलं. वायफायला जोडायचा, आत दोन डिस्क घालायच्या. घरच्या सगळ्यांचे फोटो-व्हिडिओ एकाच वेळी दोन्ही डिस्कवर उतरतात, एक बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवते, आणि घरातला कोणीही मोबाइलवर ते बघू शकतो. दोन डिस्क म्हटल्याबरोबर काकांचा चेहरा फुलला. "आसं म्हना की. जोडी हाय."

चिंचवडच्या दुकानात त्यांनी पहिल्याच डब्याला नापास केलं, कारण तो चालू केल्यावर थरथरत होता. दुसऱ्याला कान लावून ते इतका वेळ उभे राहिले, की दुकानदार मला हळूच म्हणाला, "काकांना ऐकायला कमी येतं का?" तिसरा पसंत पडला. मग काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या आणि दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच होतो. दुकानदार घाबरून म्हणाला, "काका, स्कॅनर आहे की इथं!" डिस्कच्या बाबतीत मात्र आमचं वाजलं. मी सांगितलं, दोन वेगवेगळ्या लॉटच्या घेऊ. एकाच दिवशी बनलेल्या, एकच काम करणाऱ्या डिस्क पुष्कळदा थकतातही बरोबरच. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की देवणीची सगळी पुण्याई धोक्यात आली. "एक चार दाती आन् एक म्हातारा, आसं कुनी जुंपतं व्हय? जू तिरकं व्हतंय." त्यांनी दुकानदाराकडून एकाच खोक्यातल्या, एकापाठोपाठच्या नंबरच्या दोन डिस्क काढून घेतल्या. तिसरी प्रत वेगळी ठेवू म्हणालो, तर "दोन बैलांच्या गाडीला तिसरा कुठं बांधू?"

डबा घरी आला आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात बसला. काकूंनी हौसेने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. काकांनी ते ओढून काढलं, "नाकाला फडकं बांधू नको त्याच्या." दुपारी घरात सामसूम असताना डब्याचा दिवा लुकलुकायचा, आतून कुरकुर आवाज यायचा. "आता कुनीच काई मागत न्हाई, तरी काय करतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आत साठवलेलं पुन्हा एकदा तपासून बघतंय. "रवंथ," काका समाधानाने म्हणाले, आणि त्यानंतर दुपारी त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम झाला. मोशीकडे बैलपोळा भाद्रपदात असतो, त्या दिवशी डब्याला सुट्टी. हिंजवडीच्या कंपनीत असलेल्या त्यांच्या सूनबाई, आमच्या वहिनी, त्या दिवशी घरून काम करत होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, "पप्पा, माझं प्रेझेंटेशन आहे आत!" काकांनी डब्याला पुरणपोळी दाखवत सांगितलं, "आज त्याच्या खांद्याला हात लावायचा न्हाई. उद्या घे."

पण खरी गंमत फोल्डरांची होती. काका तारीख, वर्ष, समारंभ असलं काही मानत नसत. जो फोटो जिथे काढला, ती जागा पूर्वी ज्या रानात होती, त्याचं नाव फोल्डरला. नातवाचं बारसं मंगल कार्यालयात झालं, म्हणजे ते 'चिंचेचा पट्टा'मध्ये. नव्या गाडीची पूजा शोरूममध्ये, म्हणजे 'खडकाळी'. वहिनी माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या, "भाऊजी, माझ्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो काही केल्या मिळेनात." खालून काकांचा आवाज येई, "पिझ्झाच्या दुकानात केला व्हता न्हवं? मोटंवरचं रान बघ." आणि फोटो तिथेच असत. त्या घरात काही शोधायचं तर आधी जुनं गाव पाठ करावं लागे. वहिनी चिडत चिडत शिकल्या. एकदा त्यांनी फोनवर मैत्रिणीला पत्ता सांगितला, "अगं, खडकाळीच्या पुढे डावीकडे," आणि स्वतःच जीभ चावली. त्या दिवशी काकांनी जिलेबी आणली. कारण मात्र सांगितलं नाही.

एका रविवारी सकाळी डबा किंचाळायला लागला. काकूंनी आधी गॅस बंद केला. मी खाली आलो, पाहिलं. एक डिस्क गेली होती. "दुसरी हाय की," काका म्हणाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना आपोआप कळलं. दुसरीही त्याच खोक्यातली, त्याच वयाची. नवी डिस्क घालून सगळं उतरवायला लावलं तर हिच्यावर दिवसभर ओझं, आणि ती मध्येच बसली तर सगळंच संपलं. तेव्हा आधी माझ्या लॅपटॉपवर निकडीचं तेवढं काढून घेऊ, असं मी सुचवलं. "पहिलं काय काढू, काका?"

आम्हा सगळ्यांना उत्तर माहीत होतं. पण काका म्हणाले, "आधी चिंचंचा पट्टा. पोराचं बारसं हाय त्यात." मग ते डब्याजवळ बसले, त्याच्यावर तळहात ठेवला आणि एकेक नाव सांगू लागले. चिंचेचा पट्टा. मोटेवरचं रान. खडकाळी. मी तेवढं फोल्डर उतरवायचो, ते पुढचं सांगायचे. "आता बांध वलांडला की बोरीचा तुकडा. पाय जपून, हितं काटा आसायचा." डबा अडखळत होता, काका थांबत होते, पुन्हा चालू लागत होते. त्यांना घाई नव्हती. मान वर केली तेव्हा दिसलं, वहिनी दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मोबाइलचा कॅमेरा सासऱ्यांवर धरला होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशाच उभ्या होत्या.

वडिलांचा व्हिडिओ काकांनी सर्वांत शेवटी मागितला. तो उतरत असताना डिस्कने एक मोठा खडखडाट केला आणि ती थांबली. सुटून हाती आलेला व्हिडिओ जवळजवळ पूर्ण होता. वडील काठी टेकत चालतात, पाकळ्या उडतात, सनई वाजते, आणि ते नदीकडच्या शेवटच्या तुकड्यापाशी येऊन तोंड उघडतात. तिथे चित्र थिजतं. काका त्या थिजलेल्या तोंडाजवळ वाकले. मग वहिनी पुढे झाल्या. "पप्पा, ते पुढे काय म्हणतात?"

"मळई," काका म्हणाले. "इंद्रायनीची मळई म्हनत्यात." वहिनींच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

आता त्या डब्यात दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या डिस्क आहेत. काका त्यांना 'विजोड' म्हणतात, पण दोघींनाही पाठीवर थाप मारतात. तिसरी प्रत माझ्याकडे असते. मी गेल्या वर्षी रावेतला स्वतःचा फ्लॅट घेतला. ती डिस्क माझ्या कपाटात, आईच्या साड्यांच्या शेजारी. काका-काकू वास्तुशांतीला आले होते. काकांनी भिंतींवर थापा मारून पाहिल्या, गॅलरीत उभं राहून खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ही बिल्डिंग कंच्या रानात हाय?" मला सांगता येईना. त्यामुळे माझ्या वास्तुशांतीचे फोटो त्यांच्या डब्यात कुठेच ठेवता येत नव्हते. ते नुसतेच बाहेर पडून होते. दर फोनला विचारणा व्हायची, "घावलं का नाव?"

मी वॉचमनला विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, विक्रीच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या मुलीने मला फेज टू असं उत्तर दिलं. परवा देवळाच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना विचारलं. ते आमच्या इमारतीकडे डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "तुमाला कशाला पायजे?" म्हणाले. मी सगळी हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. "हितं आमची जांभळी व्हती," म्हणाले. "जांभळीचं रान. लिहा तसं."

मी तिथूनच काकांना फोन लावला. नाव सांगितलं. वहिनींना हाक मारल्याचा आवाज आला, मग काहीतरी टकटक. मोशीच्या त्या खोलीतली दुपार मला फोनमधून ऐकू येत होती. बारीक कुरकुरही.

"टाकले फोटू," काका म्हणाले. "म्हंजी आता खरंच गेलात तुमी हितनं."