मुठीतले तांदूळ आणि काळात फिरणारा माणूस

माझी सासू दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळी होती. मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनला तयार नव्हती. शिवाय अंगात साखर. संध्याकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, असं डॉक्टरने मला बजावलं होतं. तिला सांगून उपयोग नव्हता.

आम्ही मूळचे चाकणकडचे शेतकरी. नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली म्हणून चिंचवडला दोन खोल्यांत राहायला आलो. टीव्ही शेजारच्या फोरमनच्या घरी होता. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी नवरा कामावर असायचा, म्हणून संध्याकाळी मी सासूला घेऊन शेजारी जायचे.

त्या वर्षी एक हिंदी मालिका लागत होती. एका माणसाकडे जादूचं घड्याळ. त्याचे काटे उलटे फिरवले की तो मागच्या काळात जायचा. कधी साहेबांच्या राज्यात, कधी राजेरजवाड्यांच्या. जाईल तिथे भूत ठरलेलं. त्याची धाकटी बहीण लहानपणी तापाने गेली होती, ती पांढऱ्या फ्रॉकमध्ये प्रत्येक काळात कुठल्यातरी दारात उभी दिसायची. तिला परत आणायचं म्हणून तो फिरत होता.

दोन-तीन आठवड्यांत मला त्या मालिकेची रीत कळली. दिवा फडफडला की भूत येणार. बरोबर दहा माणसं असली तरी अंधाऱ्या खोलीत तो एकटाच जाणार. भुताचा हात खांद्यावर पडला की पडद्यावर नावं सुरू, उरलेलं पुढच्या रविवारी. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मागच्या काळात काही बदलायचं नाही. बदललं तर जे परत येईल ते माणूस नसेल.

सासूला हिंदी समजायची नाही, दिसायचंही नाही. मी शेजारी बसून सांगायचे, ती ऐकायची. पण ऐकायची कशी, तर हातात तांदूळ धरून. उपासाच्या दिवशी कहाणी ऐकतात तसं. कहाणी पुरी होईपर्यंत तांदूळ मुठीत, मग ते देवापुढे ठेवायचे आणि मगच तोंडात घास घालायचा. तिच्या लेखी गोष्ट म्हटली की तोच नियम.

पहिल्याच रविवारी गोंधळ झाला. तिला गोळी देऊन गेलो, हात खांद्यावर पडला आणि मालिका थांबली. घरी आलो तर सासू मूठ उघडेना.

"आत्याबाई, जेवून घ्या."

"अर्ध्या गोष्टीवर जेवत न्हाईत. त्याचं काय झालं?"

"ते पुढच्या रविवारी कळेल."

"मग पुढच्या रविवारी वाढ."

मी चिडून भांडी घासायला बसले. वळून बघते तर ही घामाने डबडबलेली, मान कललेली. गोळीने साखर उतरली होती. तोंडात गूळ कोंबला, तेव्हा शुद्धीवर आली. मूठ तरीही आवळलेलीच.

पुढच्या रविवारपासून मी शेवट रचायला लागले. मी चौथी शिकलेली. कहाण्यांतलं जे आठवेल ते लावायचे. भुताला उःशाप मिळाला, बहीण सुटली, सगळे सुखाने नांदू लागले. सासू तांदूळ देवापुढे ठेवायची आणि जेवायची. पण आठ दिवसांनी बहीण पुन्हा दारात उभी.

"अगं, ही सुटली हुती की!"

"ही दुसरी, आत्याबाई."

दिवाळीपर्यंत त्या माणसाला सात बहिणी झाल्या. फोरमनची बायको पदरात तोंड लपवून हसायची. "वहिनी, मुंबईला कळवा, तुम्हालाच लिहायला बसवतील." मी म्हणायचे, "हसायला काय जातंय? गूळ मला कोंबावा लागतो."

मागच्या काळात काही न बदलण्याच्या नियमावर मात्र सासू रागवायची. "काय बदलायचं न्हाई, तर ग्येला कशाला मेला?" पहिल्यांदा सगळे हसले. मी नाही. तिची थोरली मुलगी आठ वर्षांची असताना गावच्या विहिरीत पडून गेली होती. सासू तेव्हा कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला गेली होती. संध्याकाळी परतली तेव्हा पोरीला बाहेर काढून ठेवलं होतं. हे मला नवऱ्याने सांगितलं होतं. तिने स्वतः तो विषय कधी काढला नाही, मीही विचारलं नाही.

मग मालिकेचा शेवटचा रविवार आला. या वेळी खरंच शेवट झाला. बहीण दारात उभी, हा समोर. हात धरून ओढलं तर येईल, पण येईल ते भूत. त्याने घड्याळाचे काटे सुलटे फिरवले आणि एकटाच परत आला. बहीण तिथेच राहिली.

घरी आलो. सासू पाटावर बसली, मूठ मांडीवर. "हं, सांग."

सुटली म्हणून सांगायचं, एवढंच होतं. तोंड उघडलं, पण आठवी बहीण सुचेना. खरं सांगायचं तर खोटं बोलून मी कंटाळले होते. ही जेवणार नाही याची भीती होती, म्हणून आधी गुळाचा डबा जवळ ओढून घेतला.

"सोडून आला, आत्याबाई. आणता येत नव्हती."

मी तिच्या कपाळाकडे बघत होते, घाम येतोय का म्हणून.

"तिला कळलं का, ह्यो आला हुता म्हून?"

आता मी आठवून सांगितलं, रचून नाही. "कळलं. तिने हात केला. हा दिसेनासा होईपर्यंत हात वरच होता."

"रडत हुती?"

"नाही."

सासूने हाताने चाचपत देवाची फळी शोधली आणि तांदूळ तिथे ठेवले. घामाने ते तळव्याला चिकटले होते, ते एकेक काढले.

"झाली म्हणायची गोष्ट. वाढ."

भाकरी एव्हाना कडक झाली होती. ते तिने बोलून दाखवलं आणि दीड खाल्ली.