मशीन थांबेल या भरवशावर

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, हेसुद्धा कधी कधी आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यात टोळी नव्हती, हत्यार नव्हतं. एक मशीन होती आणि मान खाली घातलेली काही माणसं होती. त्यांची नावं मी लिहिणार नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी मी रायपूरच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका ठाण्यात टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीत उंच इमारतींची कामं जोरात चालू होती. त्यातल्या एका साइटवर भिंतींना प्लास्टर करणारा रोबो आणला होता. खाली चाकांची जड गाडी, तिच्यावर उभा लोखंडी खांब, आणि त्या खांबावरून वर-खाली सरकत भिंतीला मसाला लावत जाणारी रुंद पाटी. एक पट्टा झाला की गाडी आपोआप पुढच्या पट्ट्याकडे सरकायची. ही मशीन आल्यावर बरेच मिस्त्री घरी गेले. मसाला वाहून आणायला रेजा, म्हणजे मजूर बायका, तेवढ्या ठेवल्या होत्या.

एके सकाळी साइटवरून खबर आली की एक रेजा मशीन आणि पिलरच्या मध्ये सापडली. आम्ही पोचलो तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. ती वाटेतच गेली. मर्ग कायम केला. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला इकडे मर्ग म्हणतात. पंचनामा केला, मशीन आहे त्या जागी सील केली आणि जबाब घ्यायला बसलो.

मॅनेजर म्हणाला, "फोन पे बात करते-करते मशीन के आगे आ गई." सुपरवायझर तेच म्हणाला. दोन मजूर आले, त्यांनीही तेच सांगितलं, शब्दसुद्धा तेच. खरा अपघात पाहिलेली माणसं कधी सारखं बोलत नाहीत. एकाला किंकाळी आठवते, दुसऱ्याला पायातली चप्पल. सगळ्यांना एकच वाक्य आठवत असेल, तर ते कुणीतरी त्यांच्या तोंडात ठेवलेलं असतं.

दुपारी तिचा नवरा आला. महासमुंदकडचा माणूस, तो दुसऱ्या साइटवर विटा वाहायचा. मी त्याला विचारलं, कामावर असताना बायको फोनवर बोलायची का? त्याने खिशातून फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"फोन तो मोर करा रहिस, साहब."

फोन त्याच्याजवळ होता. दोघांत मिळून तो एकच होता. त्याला रडू आलं नाही. तो नुसता त्या फोनकडे बघत बसला. मृत बाईवर आळ घालताना, तिच्याकडे फोन आहे की नाही हेही कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. मुंशी, म्हणजे ठाण्यात लिहिण्याचं काम करणारा हवालदार, म्हणाला, "साहब, कोई मराठी में बोल रहे हैं, आप ही से बात करेंगे." मी रिसीव्हर घेतला. आवाज वयस्कर होता, बोली आमच्या विदर्भाकडची.

"साहेब, त्या मशीनले समोरचं दिसत नव्हतं. तिचा डोळा झाकला होता. तपासून पाहा."

"आपण कोण?"

फोन ठेवला गेला. तो कुणी केला हे शोधून काढणं अवघड नव्हतं. पण ज्याला नाव सांगायचं नाही त्याच्या मागे लागू नये, हा माझा नियम. असा माणूस एकदा घाबरला की पुढचं काही सांगत नाही.

मी पुन्हा साइटवर गेलो. गाडीच्या पुढच्या बाजूला काचेच्या छोट्या खिडकीमागे सेन्सर होता. समोर माणूस आला की मशीन थांबवायचं, एवढंच त्याचं काम. सगळी मशीन सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेली, आणि ती काच मात्र लख्ख! काचेच्या कडेला बोट फिरवलं तर चिकट लागलं. तिथे टेप होती, आणि आम्ही यायच्या आधी कुणीतरी ती काढली होती.

मशीन ज्या इंजिनिअरच्या ताब्यात होती त्याला ठाण्यात बोलावलं. पंचविशीतला मराठी मुलगा. वडील रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आणि हा घराण्यातला पहिला इंजिनिअर. रोबोचं काम मिळालं तेव्हा आमच्या मराठी मंडळात त्याचा शाल देऊन सत्कार झाला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. चौकशीत तो एक शब्द बोलेना. पाणी दिलं तर पेला हातात धरून बसला. निर्ढावलेला माणूस गप्प बसतो तेव्हा तुमच्या डोळ्यांत बघतो. हा जमिनीवरची नजर उचलत नव्हता.

संध्याकाळी मंडळातले चार-पाच जण आले. सोबत मुलाचे वडील होते. ते मागे, दाराजवळच उभे राहिले.

"आपला पोट्टा आहे साहेब," त्यांच्यातले एक जण म्हणाले. "मशीनमध्येच बिघाड झाला असं लिहा ना. गेलेली बाई काही परत येऊन नाही राहिली. याची जिंदगी काहून बरबाद करता?"

मी उत्तर देण्याआधीच वडील पुढे आले.

"साहेब, तो फोन म्याच केला होता."

मुलाने पहिल्यांदा वर पाहिलं.

"बाबा, तुम्ही?"

"तू मायजवळ रडला. तिले सगळं सांगितलं. इथं काहून तोंड उघडत नाही?"

मी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं. मुलाने हातातला पेला खाली ठेवला. मग हळू आवाजात बोलू लागला.

"मशीन घडी घडी थांबे. कोणी समोरून गेलं की थांबे. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्हारे रोबोट से तो मिस्त्री अच्छा था. आन् ती बाई सगळ्यात जास्त मधून जाये. मी तिले रागावलो तर हासली. म्हणे, 'साहब मन ले तो तोर मशीन बने हे, मोला देख के रुक जाथे.'"

साहेब लोकांपेक्षा तुझी मशीनच बरी, मला पाहून थांबते तरी, असं ती म्हणाली होती.

"सगळे हासले, साहेब. लेबर, सुपरवायझर, सगळे. मले लई लागलं ते. दुसऱ्या दिवशी म्या सेन्सरवर टेप लावली. मॅनेजरनं पाहिली, काही बोलले नाहीत."

"तिला सांगितलं होतंस, की आता मशीन थांबणार नाही?"

"नाही."

"काहून?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांना समजलं असतं, का म्या सेन्सर बंद केला. वाटलं, आवाज आला का सरकेल ती." त्याने पुन्हा मान खाली घातली. "ती सरकली नाही. मशीनकडे पाहिलंबी नाही तिनं. तिले माहीत होतं ना, थांबते म्हणून."

"टेप कुणी काढली?"

"म्याच. मॅनेजर म्हणाले, पुलिस आने से पहले निकाल. लोकं तिले बाहेर काढून राहिले होते, आन् मी टेप काढून राहिलो होतो."

वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तसंच उभं राहून म्हणाले, "लिहा साहेब. तो बोलला तसंच लिहा." बाहेर आलो तेव्हा मंडळाची माणसं निघून गेली होती.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून मुलाचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवला आणि काचेवरचा गोंद तपासायला लॅबकडे पाठवला. मुलगा बोलला हे कळल्यावर मजुरांनीही फोनवाली गोष्ट मागे घेतली. हयगयीने मृत्यूस कारण होणं आणि पुरावा नष्ट करणं, असे गुन्हे मुलगा आणि मॅनेजर दोघांवर दाखल केले. मॅनेजर वकिलाला घेऊन ठाण्यात आला. शर्ट कडक इस्त्रीचा. त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "मशीन कब तक छूटेगी? पूरा काम रुका पड़ा है." मेलेल्या बाईचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. तिचा नवरा बाकावरच बसलेला होता. मॅनेजर त्याच्या समोरून गेला आणि आला.

मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. मॅनेजरचा खटला मी निवृत्त झालो तेव्हा चालूच होता.

या प्रकरणाने माझी एक समजूत मोडली. शरम ही तपासाची मोठी मदतनीस, असं मी नव्या शिपायांना नेहमी सांगायचो. ज्याला शरम आहे तो आज ना उद्या बोलतो. ते खरंच आहे. पण शरम गुन्ह्याच्या वाट्याप्रमाणे वाटली जाते असं मी धरून चाललो होतो, ते खोटं निघालं. ज्याचा वाटा मोठा, तो कडक शर्टात आला आणि गेला. ज्याने काहीच केलं नव्हतं, त्या बापाने ती सगळी अंगावर घेतली. आणि त्या मुलाने बाईच्या एका हसण्याची शरम सहन केली असती, तर ती आज जिवंत असती. चारचौघांत आपलं हसू होईल या भीतीने माणूस काय काय करतो, हे मी आयुष्यभर चोर-दरोडेखोरांत शोधलं. ते मला आमच्याच मंडळाची शाल पांघरलेल्या मुलात सापडलं.

मागे एकदा शंकर नगरच्या बाजारात ते वडील दिसले. मला पाहून रस्ता ओलांडायला लागले. मी हाक मारली, तेव्हा थांबले.

"मंडळात येत नाही का आता?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं येऊ? अर्धे लोक बोलत नाहीत, पोरानं बाई मारली म्हणून. अर्धे बोलत नाहीत, बापानं पोराले धरून दिलं म्हणून."

"आणि तो?"

"घरी आला. माझ्याशी बोलत नाही, पण ऐकते. मागच्या महिन्यात त्या बाईच्या गावी गेला होता. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं नाही. दिवसभर बाहेर बसला आन् परत आला." त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मले मायकडून विचारते, पुन्हा जाऊ का म्हणून. म्या सांगितलं, जाय. त्यानं दार उघडलंच पाहिजे असं काही नाही. तू गेलं पाहिजे."