देऊळ बसून उतरले त्याची गोष्ट

त्या दिवशी मुलाच्या परदेशातल्या गावी, बुकित तिमाहच्या टेकडीवरल्या जंगलात आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा, सून आणि नात. माकडं धरली तर लई जण.

मुलाला इथल्या तुआस भागातल्या कंपनीकडून कामाला मेक्सिकोला जायचं होतं. सून म्हणाली, आपण पण जाऊ, तिथलं जंगल बघू, गुहा बघू, माया लोकांची जुनी देवळं बघू. मी लगेच म्हटलं, मी पण येणार. मुलगा डोकं खाजवायला लागला. तो डोकं खाजवायला लागला की समजायचं, नाही कसं म्हणावं ते शोधतोय. शेवटी म्हणाला, "आई, त्या देवळांवर चढावं लागतं. आधी इथली टेकडी चढून दाखव. नाही जमलं तर तू इथं घरी, टॅम्पिनीसलाच राहा, शेजारच्या मावशी बघतील तुझ्याकडं."

म्हणजे परीक्षाच. शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिथं कुणी एवढी घेतली नव्हती.

जंगलात नऊवारी नको म्हणून सुनेनं मला तिची ट्रॅकपँट घातली. चढताना काही झालं नाही. पण माझे गुडघे चढायला राजी असतात, उतरायला नाही. मग मी सरळ खाली बसले आणि बसल्या बसल्या पायऱ्या उतरायला लागले. एका हातानं पायरी धरायची, एका हातानं पँट.

नात इथल्या पोरांसारखी शेवटी 'लाह' लावत ओरडली, "आजी, धिस इज नॉट अ स्लाइड लाह!"

मुलगा इकडंतिकडं बघत होता, ओळखीचं कुणी आहे का. "आई, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू दे. तुला पाठीला बांधून अशीच विहिरीत उतरायचे, तेव्हा बरा लाजला नाहीस."

खोटं नाही. दुष्काळात आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, पायऱ्या ढासळलेल्या. नवरा आधीच गेलेला. पोर पाठीला, घागर मांडीवर, आणि बसून उतरायचं. एकदा पडले. कोपर अजून सरळ होत नाही. त्याचं काही नाही, पण घागर चेपली.

घरी आल्यावर मुलानं निकाल दिला, "आई नाही येणार." मी भाकरी थापत राहिले. जरा जोरात थापल्या असतील.

सून कॉम्प्युटरवर तिकडचे फोटो बघत होती. एकदम हसायलाच लागली. "अहो, इकडं या. आई, तुम्ही पण या." बघते तर देवळाच्या उभ्या पायऱ्या, मधून जाड दोर, आणि सगळी गोरी माणसं बसून उतरतायत!

"घ्या," सून म्हणाली, "आईंची रीत तिकडं आधीच पोचलीय."

मुलगा डोकं खाजवत बसला. मी म्हटलं, "मी येते. पण नऊवारीत. कासोटा घातला की दोन्ही हात मोकळे राहतात."

गेलो. तिथल्या जंगलातले डास इथल्यासारखेच. गुहेत खाली निळं पाणी, केवढं तरी, आणि लोक त्यात नुसते डुंबत होते. मी काठावर बसून बराच वेळ बघत राहिले. घागर नव्हती म्हणून, नाहीतर भरून आणली असती.

मग देऊळ. चढले. वरून बघावं तिकडं झाडंच झाडं. उतरायच्या वेळी मुलगा दोर धरून नुसता उभा, तोंड पांढरंफटक. एवढा वाढवला, पण त्याला उंचीची भीती वाटते हे मला तेव्हा कळलं. मी खाली बसले, कासोटा सावरला नि म्हटलं, "बस माझ्या मागं. खाली बघू नको, माझ्या अंबाड्याकडं बघ."

बसला. एवढा मोठा साहेब, पायरी पायरी घसरत आला. नातीनं फोटो काढला. तो टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर ठेवलाय. पाहुणे आले की मुलगा तो उलटा करतो, मी परत सरळ करते.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या म्हातारीला तू घरीच राहा म्हणायच्या आधी तिला एकदा विचारा, तू उतरशील कशी? ती सांगेल.