अहो, नळ चालू राहिलाय

कवी गेले आणि त्यांच्या घराचं संग्रहालय झालं. चष्मा काचेच्या पेटीत गेला, पलंगाभोवती दोरी आली, आणि 'हात लावू नये' अशा इतक्या पाट्या लागल्या की खुद्द कवी परत आले असते तर त्यांनाही टेकायला जागा मिळाली नसती. या घराची बाग ज्यांनी आयुष्यभर राखली, ते माळीकाका हल्ली तिथे तिकीट काढून जातात. बागेकडे मात्र बघत नाहीत. तिथे आता फरशी घातली आहे, आणि तो विषय निघाला की काकांचं डोकं फिरतं.

ते जातात मागच्या खोलीत. तिथे बटण दाबलं की कवींचं कवितावाचन लागतं. घरीच, उघड्या खिडकीशी बसून केलेलं ते ध्वनिमुद्रण. वाचन ऐन रंगात येतं आणि मध्येच स्वयंपाकघरातून बाईचा आवाज, "अहो, नळ चालू राहिलाय." कवी थांबतात, हसतात, पुढे वाचतात. शेजारी पाटी आहे, 'काव्यात हरवलेल्या कवींना पत्नीची हाक'. लोक हसतात. एखादी बाई नवऱ्याला कोपराने ढोसते.

आता खरं सांगायचं तर कवींच्या बायकोने त्यांना कधी अहो म्हटलंच नाही. ती सरळ अरे-तुरे करायची, आणि त्यावरून गल्लीत बरीच कुजबूज चालायची. शिवाय हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ती बिचारी हयातही नव्हती. नळ होता बागेतला. तो तसाच सोडून माळीकाका खिडकीखाली कविता ऐकत बसले होते, आणि हाक मारणारी होती त्यांची बायको, या घरची स्वयंपाकीण. तिला जाऊन बराच काळ झाला. घरी तिचा फोटो आहे, पण फोटो काही बोलत नाही. मुलगा दूर. दिवसचे दिवस काकांना कुणाशी शब्द बोलायला मिळत नाही, घर खायला उठतं. तिचा आवाज म्हणून जगात उरलंय ते हे एवढंच वाक्य, आणि तेही दुसरीच्या नावावर.

त्यांनी व्यवस्थापकबाईंना एकदा विचारून पाहिलं होतं, "हे मोबाइलमध्ये भरून मिळेल का मला?"

"काका, प्रत फक्त घरच्यांनाच देता येते," त्या म्हणाल्या.

हा आवाज माझ्याच घरचा आहे, हे सांगायला काकांची जीभ रेटली नाही. भिडस्त माणूस. शेवटी मनाचा हिय्या केला, धुतलेला सदरा घातला आणि आज सांगायचंच म्हणून निघाले.

खोलीत बाकावर एक बाई बसली होती, केस पांढरे व्हायला लागलेली. व्यवस्थापकबाईंनी ओळख करून दिली. ती कवींची मुलगी. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की मावशी तिला आपल्याकडे घेऊन गेली, आणि ती तिकडचीच झाली.

"माळीकाका ना तुम्ही? मला झोपाळा बांधून दिला होतात." तिने त्यांचा हात धरला. "सकाळपासून हेच ऐकत बसलेय. आईचा चेहरा आठवतो हो मला, आवाजच आठवत नव्हता. हा तिचाच ना?"

काकांनी व्यवस्थापकबाईंकडे पाहिलं. मुलीसाठी त्या प्रत करायला घेत होत्या.

"हो," ते म्हणाले. "त्यांचाच."

"काका, तुमचं काही काम होतं का माझ्याकडे?" व्यवस्थापकबाईंनी विचारलं.

"नाही. सहज आलो होतो."

मुलीने सरकून बाकावर जागा केली. "बसा ना. आणखी काय म्हणायची आई?"

काका बसले. खरं सांगावं तर अरे-तुरे आलं असतं आणि सगळंच उघडं पडलं असतं. मग त्यांनी आपल्याजवळ होतं ते काढलं. ताट वाढून ठेवलंय, गार होतंय, म्हणून रागवायच्या, ते म्हणाले. उन्हात टोपी घाला म्हणून मागे लागायच्या. कागदांशी बोलता तेवढं माझ्याशी बोला, म्हणायच्या. मूळचं 'रोपांशी' तेवढं त्यांनी बदललं. मुलगी डोळे पुसत ऐकत होती. काका सांगत राहिले, आणि उभ्या जन्मात बायकोला 'अगं'शिवाय हाक न मारलेला हा माणूस पहिल्यांदाच तिला अहो-जाहो करत होता.